वारं फुटतंय

माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसले की मास्तर आधी वरची कवळी काढायचे, रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि मग तोंड उघडायचे. "डॉक्टरीणबाई, वारं फुटतंय की!" लोक बोलता यावं म्हणून कवळी बसवून घेतात, आमचे मास्तर बोलायचं म्हटलं की काढून ठेवायचे.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या बँडमधले क्लॅरोनेटवाले. ते वाद्य वरच्या दातांखाली घट्ट धरून फुंकावं लागतं. दात गेले, कवळी आली. आणि वरचा सूर लावला की ती घसरायची, कडेनं हवा निसटायची.

"भाकरी कुस्करून खाईन मी. पर फुकता आलं पायजे."

दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझी पाठ मोडलेली असायची. तरी हे ऐकलं की हसू यायचं.

शेवटी कागलच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं हट्ट धरला. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावायचं ठरलं. स्क्रू बसले. हाड त्यांना घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं. "तोवर फुंकायचं नाही," मी बजावलं.

"तवर लग्नसराई सपली की."

"पुढची येईल."

"पुढच्या सराईला आमास्नी कोण बोलीवतंय? समदीकडं डॉल्बी."

त्याच महिन्यात त्यांचा ढोलवाला जोडीदार वारला. बँडवाल्यांचा रिवाज तुम्हीही पाहिला असेल. आपल्यातला कुणी गेला की बाकीचे तिरडीपुढे वाजवत जातात. आठवड्यानं मास्तर आले. तोंडात पाहिलं, तर स्क्रू हलत होते.

मी चिडले. "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"बँडमदी आमी दोघं संगंच लागलतो, बाई. त्येच्या म्होरनं मुक्यानं चालू व्हय?" मग हळूच म्हणाले, "कवळीला चिकट पावडर थापली. अख्खं गाणं वाजीवलं. वारं फुटलं न्हाय."

स्क्रू काढावे लागले. हाड भरलं की परत बसवू, असं मी म्हणाले. त्यांनी कवळी रुमालात गुंडाळली. "ऱ्हाऊ द्या. आता कुणाफुडं वाजवायचं?" मला फार वाईट वाटलं, पण आग्रह करायचं त्राण माझ्यातही नव्हतं.

या उन्हाळ्यात मास्तर गेले. त्या दिवशी सकाळी मी एकाची दाढ भरत होते, तेवढ्यात गल्लीतून त्यांच्या तिरडीपुढे बँड आला. उरलेसुरले चारपाच जण मास्तर नेहमी वाजवायचे तेच जुनं गाणं वाजवत होते. मध्येच सगळे एकदम वाजवायचे थांबले. नुसती पावलं वाजत राहिली. मग पुन्हा सुरू झाले.

गाण्यातल्या त्या जागी मास्तरांचा क्लॅरोनेट एकटा वाजायचा. ती जागा बँडवाल्यांनी रिकामी सोडली होती.

"जरा थांबा हं," मी पेशंटला म्हटलं. तो बिचारा आ वासून तसाच पडून राहिला.