मेश्राम मामांनी पाहिलेलं अस्वल

मेश्राम मामा बाजाराला निघाले की सगळ्यांच्या मागे चालायचे. पुढे मामी, तिच्या मागे पिशवी घेतलेली मी, माझ्यामागे प्रत्येक दगडाशी थांबणारी माझी धाकटी बहीण मुन्नी, आणि शेवटी हात पाठीमागे बांधून मामा. "क्या मेश्राम जी, यहाँ भी ड्यूटी?" असं म्हणून ओळखीचे लोक चेष्टा करायचे, पण मामा जागा सोडत नसत. "समोरच्याले रस्ता दिसते," ते म्हणत, "पण मागं कोण राह्यलं, ते त्याले कसं दिसन?"

मामा छोट्या लाइनीवर गार्ड होते, गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसणारे. जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनातून नैनपूरकडे जाणारी ती छोटी गाडी आता राहिली नाही. मामाही मागच्या उन्हाळ्यात गेले, गोंदियाला मुलाकडे असताना. फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मग मोजायच्या राहूनच गेल्या आणि त्या दिवशी वरणाचा पार लगदा झाला.

आमचे बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते आणि आमचं क्वार्टर मामांच्या क्वार्टरला लागून होतं. आई तिरोड्याची, मामाही तिकडचेच, म्हणून आई त्यांना भाऊ म्हणायची. दिसायला ते उंच, काळेसावळे आणि गंभीर होते. हसू आलं तर तोंड फिरवून हसत. गार्डाच्या नोकरीमुळे असेल किंवा जन्माचंच असेल, पण डोळ्यांनी पाहिलेली नाही ती गोष्ट हा माणूस कधी सांगत नसे. "पाऊस येईल का हो?" असं मामीनं विचारलं तर ते आधी अंगणात जाऊन यायचे.

असा माणूस लहान मुलांत रमेल, असं कुणाला वाटलं नसतं. पण मुन्नीची आगगाडी त्यांच्याशिवाय सुटत नसे. व्हरांड्यात खाट, दोन स्टुलं आणि उलटी घातलेली बादली यांची ती गाडी. मुन्नी इंजिन, मी ड्रायव्हर. एकदा तिनं भेडाघाटची मगर गाडीत बसवली. मगरीची दाढ दुखत होती, म्हणून ती नैनपूरच्या दवाखान्यात निघाली होती.

मामा ड्यूटीवरून आले, तसेच शेवटच्या बादलीवर बसले. सरकारी झेंडी खेळायला काढायची नाही हा त्यांचा कायदा, म्हणून त्यांच्या हातात मामीच्या हिरव्या पोलक्याचं कापड असे. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं.

"मगर लगेजमधी आहे का सवारीमधी?"

"लेडीज डब्यात," मुन्नी म्हणाली. "बाई आहे ती."

"अच्छा. पण शेपूट दरवाज्याच्या बाहेर आहे. मी झेंडी नाही देत."

मुन्नीनं कण्हत कुंथत, दोन्ही हातांनी ते शेपूट आत ओढलं. मगरीला चांगलंच लागलं असावं, कारण मुन्नीनं तिची माफीही मागितली. मामांनी पुन्हा वाकून खात्री केली आणि मगच कापड हलवलं.

गाडीच्या शेवटी पाटी का असते, हे तिनं त्यांना असंच एकदा विचारलं. मामा म्हणाले, "कधी कधी डबा सुटून जाते, बेटा. समोरच्या ड्रायव्हरले पत्ताच नसते. म्हणून स्टेशनवाला मागची पाटी पाहते. पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी आली."

"सुटलेल्या डब्यातले लोक?"

"बसून राहतात. घ्याले येते कोणीतरी."

त्याच वर्षी हिवाळ्यात आईला ऑपरेशनसाठी नागपूरला न्यावं लागलं. बाबाही तिच्यासोबत गेले आणि आम्ही दोघी मामीच्या स्वाधीन झालो. आई लवकर येईल, असं सगळे म्हणत होते, आणि ती येत नव्हती. ऑपरेशन पुन्हा करावं लागणार आहे, हे मामी शेजारणीला हळूच सांगत होती, ते मी ऐकलं. मुन्नीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या अकलेनं शोध लावला: आईचा डबा सुटला.

तो डबा जंगलात उभा आहे. आई खिडकीशी बसून मटार सोलते आहे. माकडं तिला नदीचं पाणी आणून देतात, पण पोळी आणत नाहीत, कारण माकडांकडे तवा नसतो. आणि दाराशी एक अस्वल बसलं आहे, ते तिला येऊ देत नाही. हे सगळं ती शेजारीपाजारी सांगत फिरायची आणि बायका पोट धरून हसायच्या. मग एके दिवशी मामीला आमच्या गादीखाली वाळलेल्या पोळ्यांची चळत सापडली. मुन्नी आपल्या ताटातली पोळी आईसाठी ठेवत होती आणि स्वतः अर्धपोटी उठत होती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "माह्यानंच झालं हे," ते मामीला म्हणाले. मुन्नीसमोर त्यांनी बैठक मारली आणि समजावलं, की आई दवाखान्यात आहे, डबा कुठंच सुटला नाही. मुन्नीनं विचारलं, "तुम्ही पाहिलं?" ह्या प्रश्नापुढे मामांचं काही चालत नसे.

तेव्हापासून नैनपूरहून आले की ते आधी आमच्यापुढे उभे राहत. खांद्यावरची पेटीसुद्धा उतरवलेली नसे.

"मुन्नीबाई, पूरी लाइन पाहून आलो. घनसोर, शिकारा, बरगी. कुठंच डबा नाही."

"पुलाखाली पाहिलं?"

मामा विचार करत. "पुलाखाली नाही पाहिलं. उद्या पाहतो."

आणि ते खरंच पाहत. नर्मदेच्या पुलावर मेश्राम बाबू कंबरेपर्यंत बाहेर वाकून काय शोधतात, म्हणून ड्रायव्हरनं एकदा घाबरून बाबांच्या ऑफिसात चौकशी केली होती. पुलाखाली नाही म्हटल्यावर मुन्नीनं चिंचेच्या बनात पाहायला सांगितलं, मग टेकडीमागे. मामांनी सगळं पाहिलं. तो रोजचा अहवाल ऐकून मुन्नी थोडंफार जेवू लागली. मीही लागले.

एकदा जेवताना मात्र तिनं डब्याचं काही काढलं नाही. सरळ विचारलं, "मामा, आई येणार ना?"

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. मामी डोळ्यांनी खुणा करत होती. मी ताटाकडे बघत होते, कारण मला त्यांच्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं आणि ते 'हो' म्हणाले असते तर मला खरं वाटलं असतं.

"मी पाहिलं नाही, बेटा," ते शेवटी म्हणाले. "कसं सांगू?"

मामी भडकली. "लेकराले हो म्हणायले काय जाते तुमचं? देवानं जीभ कायले देली?" मामा हात धुऊन अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांचा मला फार राग आला. आज वाटतं, त्या घरात सगळ्यात जास्त भीती त्यांनाच वाटत होती.

मग बाबांची तार आली. मामी आम्हाला घेऊन हाऊबागला गेली. गाडी आली, थांबली, दारं उघडली. मुन्नी माझा हात सोडून सगळ्या दारांसमोरून मागे पळत सुटली, शेवटच्या डब्याकडे. मामांनी नैनपूरला आईला तिथेच बसवलं होतं, आपल्या डब्याला लागून, नजरेसमोर.

आई उतरली. इतकी वाळली होती, की मी जागीच थबकले. बाबा तिला धरून होते. मुन्नी तिच्यासमोर उभी राहिली, पण बिलगली नाही.

"एवढे दिवस कुठं उभी होती तू?"

आईला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं मुन्नीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "जंगलात," ती म्हणाली.

"मग अस्वलानं येऊ दिलं तुला?"

"दिलं. पण रडून राहिलं होतं बिचारं."

मुन्नीनं हे नीट ऐकून घेतलं. पण चौकशी अजून संपलेली नव्हती. मामा हातात झेंड्या घेऊन आपल्या डब्यातून खाली उतरत होते. ती त्यांच्याकडे वळली.

"मामा, तुम्ही पाहिलं अस्वल?"

मामांनी आईकडे पाहिलं, मग मुन्नीकडे. तोंड फिरवलं नाही.

"पाहिलं, बेटा," मामा म्हणाले. "माह्या या डोळ्यांनी पाहिलं. बरगीच्या अलीकडं लाइनीवर उभं होतं. मी लाल झेंडी दाखवली, तं बाजूले झालं."

तेव्हा कुठे मुन्नी आईला बिलगली आणि मोठ्यानं रडायला लागली.