चौसष्टपैकी पन्नास

केदारखेड्याच्या तातेराव गुरुजींची मुलगी सत्यशीला जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लागली ती टायपिंगच्या कामावर. नमुन्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढंच काम. पण मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला येईपर्यंत तिला दम निघायचा नाही. ती स्वतःच उघडून बघायची. असं करता करता नऊ वर्षांत प्रयोगशाळेतली चारही मोठी मशीन तिच्या ताब्यात आली. ती एकमेकांना जोडलेली होती. कापसाच्या वाणांचा सगळा डेटा त्यांच्यातच साठवलेला, आणि त्यावरची आकडेमोडही याच मशीनवर व्हायची.

यंदा मार्चमध्ये जागा पुरेना म्हणून तिने प्रत्येक मशीनमध्ये आठ नव्या डिस्क बसवल्या. पंधरा दिवसांनी शास्त्रज्ञ शरयू मॅडमचं काम अर्ध्यातच बंद पडू लागलं. मेमरी संपली, एवढाच निरोप यायचा. जूनच्या लागवडीला कोणते वाण घ्यायचे, ते याच कामावर ठरणार होतं. सत्यशीलाने मॅडमना सांगितलं, तुमचा प्रोग्रामच मेमरी जास्त खातोय. मॅडमनी आठ दिवस तो ओळ न् ओळ तपासला. काम पुन्हा बंद पडलं.

मग सत्यशीलाने मशीन उघडली. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या, त्यात दोन दिवस गेले. एकही खराब निघाली नाही. विक्रेता फोनवर म्हणाला, नव्या घ्या. तिला ते पटेना. जानेवारीत हेच काम याच पट्ट्यांवर सुरळीत झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळी कामं थांबवली आणि काहीच चालू नसताना एकेका मशीनची मेमरी किती भरलेली आहे ते पाहिलं. चौसष्टपैकी पन्नास जीबी. साठवणीचा प्रोग्राम प्रत्येक डिस्कमागे चार जीबी स्वतःसाठी धरून बसायचा. आधी डिस्क चार होत्या, आता बारा; म्हणजे अठ्ठेचाळीस जीबी तिथेच, वरचे दोन मशीनच्या स्वतःच्या कामाला. मॅडमच्या कामाला लागायचे तीस जीबी, ते मिळणार कुठून?

तो चार जीबीचा आकडा गुपचूप बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं. ती उठून मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, चूक माझी हाय. डिस्क वाढवल्या, पण मेमरीची वाटणी बदलायची राहून गेल्ती. तुमचा प्रोग्राम बराबर होता."

मॅडमनी विचारलं, "डेटाला काही झालं नाही ना?"

"न्हाई. बिलकुल नीट हाय. मी आधी तेच बघितलं."

"मग झालं. माझा प्रोग्राम तेवढा स्वच्छ झाला आठ दिवसांत. आता चालू कर."

तिने दर डिस्कमागे दोन जीबीची मर्यादा घातली. एका मशीनवर आकडा बदलायचा, त्यावरचा डेटा बाकीच्या मशीनशी पुरता जुळेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. चौथं झालं तेव्हा पाच वाजले होते. मॅडमनी काम लावलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाणांची यादी पूर्ण होऊन समोर आली. दोघींनी ती दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली, कुठे अर्धवट तर नाही ना म्हणून. नव्हती.

शनिवारी सत्यशीला भोकरदनच्या एसटीत बसली. खिडकीची जागा मिळाली आणि राजूर यायच्या आत तिला झोप लागली. केदारखेडा मागे गेला तरी कळलं नाही. भोकरदनच्या स्टँडवर कंडक्टरने उठवलं, तेव्हा तिने गुरुजींना फोन लावला.

"बाबा, पुढं आले मी," ती हसत म्हणाली. "लई दिवसांनी झोप लागली."