शिऱ्यातले बेदाणे

अमेरिकेत, सनीव्हेलच्या घरात सूनबाई शिरा करते, तेव्हा तुपात फुगलेल्या बेदाण्यांचा वास येतो आणि मला इटलीतला तो डोंगर दिसतो. तो डोंगर बघितला तेव्हा नात जन्मलीही नव्हती.

मुलगा मला तासगावाहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेला घेऊन निघाला होता. वाटेत इटलीत थांबलो. आम्हा दोघांसाठीच गाडी आणि गाईड. डोंगरमाथ्यावरची जुनी दगडी गावं बघितली, त्यांच्या वेशी, बुरूज, आणि खाली उतारावर द्राक्षबागा. पोरगा बापाचे लाड करतोय म्हणून मी फुगलो होतो.

बागेत तर ऊर भरून आला. ओली माती, खडबडीत खोडं, सगळं घरचंच. गाईड म्हणाला, इथं छाटणी वर्षातून एकदाच. मी मुलाला म्हणालो, "आमच्यात दोनदा असती. ऑक्टोबरात माझ्या बागेत ये म्हणावं, दाखवतो."

मुलगा बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"अरे, सांग की त्याला."

"आबा, बाग विकली मी. आता तुम्ही आमच्याजवळच राहायचं."

शिकलेला म्हणून जमीन मीच त्याच्या नावावर केली होती. मी काय म्हणालो ते कळायची गाईड हसत वाट बघत होता. परक्यासमोर रडायचं नाही, म्हणून मी वर बुरुजाकडं बघत राहिलो. आता कळतं, ते लाड नव्हते. बोकडाला आधी हार घालतात, तसं होतं.

आजही मी शिऱ्यातले बेदाणे वेचून ताटाच्या कडेला ठेवतो.

"आजोबा, यू डोन्ट लाइक देम?" नात विचारते.

"तुझ्या बापाला विचार."

तो खाली मान घालून खात राहतो. त्या दिवशी गाईडला सांगितलं नाही, आज पोरीलाही सांगत नाही.