सी, लुक, वॉच आणि आम्ही तिघी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर शाळेच्या व्हॅनची वाट बघत आम्ही तिघी आया रोज उभ्या असतो. मी, फळगाडीवाल्या शाहीनभाभी आणि ढाब्यावरच्या मंदाक्का. उभं राहून राहून इतके किस्से साठलेत की लिहायला पोरांच्या वह्या पुरायच्या न्हाईत!

माझं शिक्षण सातवी. माझ्या लेकीची, आरोहीची, पहिलीत जायची तोंडी परीक्षा जवळ आलेली. जमली न्हाई तर पुन्हा केजीत बसवणार, म्हणून मला घास गोड लागेना. त्यात मॅडमची चिठ्ठी, 'सी, लुक, वॉच यातला फरक घरी शिकवा.'

मी म्हटलं, "तिन्हीचा अर्थ बघणंच की!"

मंदाक्का म्हणाल्या, "इंग्रजांला लई रिकामा टाइम व्हता!"

*

शेवटी शाहीनभाभींच्या कॉलेजातल्या नणंदेनं समजावलं. आपोआप दिसलं ते सी. मुद्दाम नजर टाकली ते लुक. नजर न हलवता बघतच राहिलं ते वॉच.

मंदाक्कांना लगेच पटलं. "सासू दिसली, सी. तिच्या पिशवीत काय हाय, लुक. कधी जाती, वॉच!"

मी त्यांना विचारलं, "आन् आमचे हे मोबाईलमध्ये बघत बसतात ते?"

"मोबाईलला वॉच. तुला नुसतं सी!"

*

घरी मी सराव घेतला. गॅसवर दूध ठेवलं, आरोहीला समोर बसवलं आणि म्हटलं, "वॉच!" कपडे वाळत घालून येते तर ओट्यावर दूधच दूध!

"अगं, सांगितलं व्हतं ना?"

"मम्मी, मी वॉच केलं की! शेवटपर्यंत!"

*

मग आले हिअर आणि लिसन. कानावर पडलं ते हिअर, कान देऊन ऐकलं ते लिसन. शाहीनभाभींनी नवऱ्याला दम भरला, "तुमी नुसतं हिअर करता. आजपास्नं लिसन करायचं!"

तेव्हापासून भाभी बोलायला लागल्या की भाईजान हातातली पपई खाली ठेवून उभेच राहतात.

भाभी वैतागल्या, "आता गाडी कोण लावणार?"

*

परीक्षेच्या दिवशी आयांना आत सोडेनात. भाभींनी गाडीवरचे तीन रिकामे क्रेट आणले. तिघी त्यावर चढलो आणि खिडकीला चिकटलो.

आरोहीचा नंबर सगळ्यात शेवटी. मॅडमनी सी, लुक, वॉचचा फरक एकदा विचारला, दोनदा विचारला. पोरगी गप्प!

तेवढ्यात मॅडमचं लक्ष खिडकीकडं गेलं. गजाआड तीन डोकी!

"व्हॉट आर दे डूइंग?"

आरोहीनं मान वर केली. "दे आर वॉचिंग."

"वॉचिंग? लुकिंग का नाही?"

"मॅडम, त्या सकाळपास्नं हलल्याच न्हाईत!"