वर्षाचा केक

ओल्या सिमेंटचा वास आला की माझ्या जिभेवर पायनॅपल केकची चव येते. तेव्हा मी एका मुलासोबत फिरायचे, आमची ओळख होऊन तीन महिने झाले होते. दर महिन्याच्या त्या तारखेला तो उल्हासनगरहून छोटा केक आणायचा, पण त्या रविवारी म्हणाला, "आज हॉटेल नको, माझ्या आवडत्या जागी जाऊ." ती जागा म्हणजे चिखलोलीत आमच्या सोसायटीसमोर रखडलेली बिल्डिंग. काम नुकतंच परत सुरू झालं होतं, खाली प्लास्टर ओलं होतं, मजूर सुट्टीवर होते. कठडा नसलेल्या जिन्यानं आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. त्यानं खोका उघडला, तर केकवर लिहिलेलं, 'एक वर्ष पूर्ण'. मी हसले, "अरे, बेकरीवाल्यानं घोळ घातला, तीनच महिने झालेत ना!" मेणबत्ती लावत तो शांतपणे म्हणाला, "तीन तुझे. माझं आज वर्ष झालं." तेव्हा मला कोपऱ्यातला रंगाचा पालथा डबा दिसला, आणि त्याच्याभोवती चहाचे कितीतरी कागदी कप, काही उन्हानं पिवळे पडलेले. तिथून आमची गॅलरी सरळ समोर होती. आई माझा हिरवा ड्रेस वाळत घालत होती. "पहिल्या दिवशी हाच घातलेलास," तो म्हणाला. मी थँक यू म्हटलं, केक खाल्ला, त्यालाही भरवला, कारण जिन्याच्या तोंडाशी तो उभा होता. आता मी दुसऱ्याशी लग्न करून बदलापूर गावात राहते. समोरच्या प्लॉटवर काल पहिला स्लॅब टाकला, आणि आज सकाळी नवरा विचारत होता, "एवढं ऊन पडलंय, कपडे आत का वाळत घालतेस?"