दौंडला नीट, घरी बिघाड

संपतराव तिसऱ्यांदा गाडी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. काच खाली आली. ते काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "बझर."

"बझर," ते म्हणाले.

दौंडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, जीप. कारखान्याचा सीझन सुरू झाला की डायनॅमो आणि सेल्फ यातून डोकं वर निघायचं नाही. शाळा मी चौथीत सोडली, बाकीचं वायरिंगनं शिकवलं. पार्किंग सेन्सर आमच्याकडं तेव्हा नुकते आले होते. पुण्यात किट मिळायचं. मागच्या बंपरला चार भोकं पाडायची, त्यात बटणाएवढे चार सेन्सर बसवायचे, त्यांच्या वायरी डिकीतल्या एका डबीत आणायच्या. डबीला सप्लाय रिव्हर्स लाइटच्या वायरवरून. रिव्हर्स गियर पडला की सेन्सर मागं आवाज फेकतो. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. मागं भिंत असो, माणूस असो, त्यावर आपटून आवाज परत येतो. किती वेळात आला त्यावरून डबीला अंतर कळतं आणि बझर वाजतो. जवळ आलं की जोरात. एवढंच आहे ते, फार मोठी विद्या नाही.

संपतराव पाटसच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे बागायतदार. त्यांनी किट हौसेनं बसवलं नव्हतं. दिवाळीच्या आसपास शेडमधून गाडी मागं घेताना त्यांच्या म्हातारीला बंपरचा धक्का लागला. ती मागं वाकून अंगण झाडत होती. कानानं ठार बहिरी, तिला गाडी ऐकू आली नाही. यांची मान दुखरी, वळत नाही. नशीब म्हणून हातावर निभावलं. हात प्लास्टरमध्ये आणि संपतरावांची झोप गेली. किट बसवायला आले तेव्हा म्हणाले होते, "चाचा, पैशाचं सोडा. पुन्हा माझ्या हातनं आईला लागलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

मी स्वतः बसवलं. मागं उभं राहून, पुठ्ठा धरून, बादली ठेवून तपासलं. चोख वाजलं. आठवड्यात परत आले. घरी मागं काही नसताना ओरडतो, म्हणाले, आणि कधी भिंतीला टेकलं तरी गप्प बसतो. मी दुकानासमोर गियर टाकून बघितलं. चोख. मी म्हणालो बिघाड नाही. ते म्हणाले आहे. गेले, परत आले. मी अर्थिंग नवीन केलं, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता, तो सैल असला की असली भुतं नाचतात. जॉइंट सोल्डर केले. डबीच बदलली. दुकानासमोर चोख. घरी गेले की परत तेच.

आणि आता तिसऱ्यांदा.

माझी मनःस्थिती तेव्हा धड नव्हती, हे सांगून टाकतो. सलमा, माझी बायको, रमजानच्या आधी गेली होती. लोक म्हणाले, कामात मन गुंतवा. गुंतवलं. तर कामात हे. दुपारी डबा यायचा बंद झालेला, स्टेशनवर जाऊन वडापाव खायचा आणि परत येऊन दुसऱ्याच्या गाडीमागं पुठ्ठा धरून उभं राहायचं. त्या बझरचा टी-टी-टी ऐकला की वाटायचं पक्कड घेऊन वायरच तोडावी.

"संपतराव, सेन्सरवर काही असतं का? चिखल, शेण?" मी विचारलं. हे मी प्रत्येक वेळी विचारलं होतं.

ते बोलायच्या आत त्यांचा ड्रायव्हर दत्तू म्हणाला, "काय बी नसतं, चाचा. गाडी कशी चकाचक हाय बघा की."

खरंच चकाचक होती. बंपरमध्ये तोंड दिसत होतं.

संपतराव तेवढ्यात माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "चाचा, तुमचं ध्यान कामात न्हाई हल्ली. तुमच्यानं होत नसंल तर सांगा, मी पुण्याला जातो."

मला राग आला. अर्धा त्यांचा, अर्धा खरं बोलले याचा. मी म्हणालो, "पुण्याला गेलात तरी तिथं बी बझर नीटच वाजंल. गाडी तुमच्या घरीच बिघडतीय. तर मी तुमच्या घरी येतो. उद्या सकाळी. गाडीला कोणी हात लावायचा न्हाई."

सकाळी पाटसची गाडी धरली, फाट्यावर उतरलो, वस्तीवर चालत गेलो. अंगणात शिरलो तर दत्तू बंपरमागं उकिडवा बसलेला. हातात डिझेलमध्ये बुडवलेला बोळा. दोन सेन्सर पुसून झालेले, तिसऱ्याकडं निघाला होता.

"थांब," मी म्हणालो. "हात लावायचा न्हाई म्हणलं होतं ना?"

"चाचा येणार म्हणून साफ करत हुतो. बरं दिसत न्हाई."

मी खाली बसलो. उरलेल्या दोन सेन्सरवर लालभडक कुंकू होतं. नुसतं कुंकू नाही. नख लावलं तर खाली चिकट, पिवळट थर निघाला. मेण. पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही, ते मेण.

"हे काय हाय?"

"कुंकू," दत्तू म्हणाला, जसं काही मी कधी बघितलंच नाही. "आज्जी रोज लावत्यात. देवपूजा झाली की तुळशीला, मग गाडीला. दौंडला जाताना मी पुसून घेतो. गावातली पोरं हसत्यात."

मी संपतरावांकडं बघितलं. म्हणालो, मी तीनदा विचारलं, सेन्सरवर काही असतं का. तीनदा तुम्ही नाही म्हणालात.

संपतराव खरोखर गोंधळले होते. "चाचा, तुम्ही चिखल म्हणालात, शेण म्हणालात. कुंकू म्हंजी काय कचरा हाय व्हय?"

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो.

त्यांना गाडीत बसवलं. रिव्हर्स टाकायला सांगितला. पुसलेल्या बाजूला मी उभा राहिलो, बझर कोकलला. कुंकवाच्या बाजूला सरकलो. गाडी येतीय, येतीय, बझर गप्प. बंपर माझ्या गुडघ्याला लागला तेव्हा मी टपावर हात मारला. संपतराव उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गुडघ्याच्या जागी त्यांना कोण दिसत होतं ते मला कळलं. सेन्सरचं तोंड बारीक थरथरतं तेव्हा आवाज निघतो. त्यावर मेणाचा गोळा बसला की आवाज आतल्या आत घुमतो. मग तो उगाच ओरडतो, नाहीतर मुका होतो.

मी स्क्रू-ड्रायव्हरनं मेण खरवडायला लागलो आणि म्हातारी आली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात डबी.

"कोण रं तू? कुंकू काय म्हून पुसतोस?"

मी सांगितलं. ऐकू गेलं नाही. ओरडून सांगितलं. संपतरावांनी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, एकदा धक्का लागला तो नजर लागल्यामुळं, आता तर रोज लावणार. मी म्हणालो, मावशी, ह्याच्यामुळं दुसऱ्यांदा लागंल. ती म्हणाली, लागू दे, माझं काय राहिलंय.

मी वैतागून उभा राहिलो. तिनं डबी माझ्यापुढं धरली. जुनी पितळी, तळाशी मेण.

"मालकांनी जेजुरीहून आणली हुती," ती म्हणाली. "ते गेले तवापासनं कपाळ मोकळं. मेण वाळत चाललं हुतं. म्हणलं, गाडीला तरी लागंल." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुमची मंडळी काय करत्यात?"

"न्हाई," मी म्हणालो.

"आं?"

"न्हाई ती. वारली."

"आं?"

"मेली, मावशी. मेली ती."

अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. इतक्या मोठ्यानं मी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा फोनवर दुसऱ्याकडून कळवलं होतं. म्हातारीनं चांगल्या हातानं माझा दंड धरला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "च्या घ्या. मग सांगा कुठं लावू."

माझ्या पिशवीत ट्रॉलीला लावायचे गोल लाल रिफ्लेक्टर होते. प्रत्येक सेन्सरच्या वर हातभर अंतरावर एक चिकटवला.

"ह्यांना चालंल?"

"ह्यांना किती बी लावा."

तिनं लगेच लावलं, चारी. मग मी परत रिव्हर्स टाकून बघितलं. चारी सेन्सर बोलले.

सीझन संपता संपता संपतरावांचा फोन आला. सकाळी गाडी मागं घेत होते, बझर एकदम कोकलला, ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर म्हातारी बंपरमागं वाकून शेणी गोळा करत होती. गाडी तिच्यापासून वीतभर. तिला काहीच पत्ता नाही. वळून बघितलं आणि यांनाच झापलं, गाडी अशी आडवी काय लावलीस, मला जायला वाट न्हाई.

एवढं सांगून फोनवर त्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं लाइन कट झाली. नव्हती झाली. मी म्हणालो, "ठिवा आता. गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

आता दुकान बंद करून मी शिरूरला लेकीकडं असतो. दुकान होतं तोवर दारावर एक पाटी होती, मीच ऑइल पेंटनं लिहिलेली, अक्षर वाकडं: बिघडलेली गाडी धुऊन आणू नये. लोक हसायचे आणि गाडी धुऊनच आणायचे.