शेपटीकडची तुकडी

जगात जेवायला सगळ्यांत जास्त वेळ कोणाला लागतो, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता आमच्या मामांचं नाव सांगेन. बरं, मामा खादाड होते म्हणावं तर तसंही नाही. दोन मुठी भात, वाटीभर कालवण आणि तळलेल्या मासळीची एक तुकडी, एवढाच त्यांचा आहार. पण ती तुकडी पानात पडली की मामांचं जेवण थांबायचं आणि शाळा भरायची. एकेक काटा ते अलगद सोडवत, ओठांत धरून स्वच्छ करत आणि पानाच्या कडेला मांडत. मधे मणके, दोन्ही बाजूंना फासळ्या, वर केसासारखे बारीक काटे, सगळं जिथल्या तिथे. जेवण संपे तेव्हा मासा मामांच्या पोटातही असे आणि पानावरही असे. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं आटोपल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही अशी रीत. त्यामुळे मामा फासळ्या लावत बसले की अख्खी पंगत हात वाळवत त्यांच्याकडे बघत राही. कल्याणात आमच्या नात्यागोत्यात मासळीचं जेवण असलं की मामांना न विचारता शेवटच्या पंगतीला बसवत. मामांना त्यातही मान वाटे. "शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसतात," ते म्हणायचे. "मला सगळे आपला समजतात."

मामा कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर होते. शिकवायचे सगळंच, पण जीव होता तो पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर. भूगोलाच्या तासाला नदीचं नाव निघालं की नदीतले मासे निघत, माशांवरून गाडी कण्यावर येई आणि नदी तिथेच राही. "मासा घ्या, बेडूक घ्या, साप घ्या, चिमणी घ्या, गाय घ्या, नाहीतर आपले शेजारचे वकील घ्या," ते पोरांना सांगत. "घर एकच. मधे आढं, दोन्ही बाजूंना वासे. कोणी वर कौलं घातली, कोणी पेंढा घातला, एवढाच काय तो फरक." खेकडे, गोगलगायी, झुरळं यांच्या घराला आढं नाही, नुसत्या बाहेरच्या भिंती आहेत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. झुरळ दिसलं तर ते मारत नसत. "बिचारं तसंच जन्मलं," म्हणून बाजूला होत आणि मग मामीला केरसुणी घेऊन यावं लागे.

कोळंबीशी मात्र त्यांचं वैर होतं. कोळंबीला काटा नाही, सबब कोळंबी ही मासळीच नव्हे, हे ते बाजारात उभं राहून कोळणीला पटवून देत. ती कोळीण ठाकुर्लीकडून पाटी घेऊन यायची. एकदा तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, खावाची हाय का शालेत नेवाची हाय?" मामांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "दोन्हीकडे चालत नाही." बोंबील त्यांच्या मते काठावर पास झालेला मासा होता, कारण काटा आहे पण असून नसल्यासारखा. आणि खाडीत मिळणारा पाला, जो जितका चवदार तितकाच काट्यांनी गच्च भरलेला असतो आणि म्हणून भलेभले ज्याच्या वाटेला जात नाहीत, तो त्यांचा देव. त्यातही शेपटीकडची तुकडी. ती घरात दुसऱ्या कोणी मागायची नाही असा मामीचा दंडकच होता.

देवाधर्मातही हीच तऱ्हा. एका कीर्तनात बुवा दशावतार लावून बसले होते. मामा मधेच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बुवा, एक विनंती. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, सगळे कण्याचे. भगवंतानं एकदाही खेकड्याचा अवतार घेतला नाही. हे जरा लोकांना समजावून सांगा." बुवांनी पेटीवाल्याकडे पाहिलं, पेटीवाल्यानं सूर धरला आणि आरती बरीच लवकर झाली. आम्ही भाचे-पुतणे नमस्काराला वाकलो की आशीर्वादाचा हात पाठीवर पडे तो उठतच नसे, कारण मामा वरून खाली मणके मोजत येत. "उंदराच्या मानेत सात, उंटाच्या मानेत सात, तुझ्याही सातच. औक्षवंत हो."

या सगळ्यात भरडली जायची ती मामी. पंगत ताटकळली की ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणे, "उचला आता ती हाडं. मला खरकटं काढायचंय." कोणी म्हणालं, की मामी, बघा तरी किती सुरेख मांडलंय, तर म्हणे, "मी बघतसुद्धा नाही तिकडे." आणि तिच्या चिडण्याला कारणही होतं. मामांची मुलगी ठकू, माझी मामेबहीण, बारा वर्षांची होत आली होती आणि तिचं लग्न जमत नव्हतं. मुलगी देखणी, घराणं चांगलं, पत्रिका जुळे. पण बघायला आलेली माणसं जेवायला बसत, आणि मग मामा मासा मांडायला लागत. एक पाहुणे तर ताटकळून ताटकळून पानावरच पेंगले. जाताना कोणी वाईट बोलत नसे, पण निरोपही येत नसे. मुलीचा बाप हाडं घेऊन बसतो, हे गावभर झालं होतं, आणि त्या काळी मुलगी तेराव्यात गेली म्हणजे लोक आईबापांच्या तोंडावर विचारायला कमी करत नसत. मामी रात्रंदिवस त्याच घोरात.

शेवटी मी एक स्थळ आणलं. मी नुकताच ठाण्याच्या कचेरीत चिकटलो होतो आणि स्थळ होतं आमच्या शिरस्तेदारांच्या मुलाचं. शिरस्तेदार म्हणजे करडा माणूस. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी आमच्या लेखण्यांची टोकं मोडत. मासळीवर मात्र त्यांचा फार जीव, आणि काट्याची तितकीच धास्ती. हे मी मामीला आगाऊ सांगितलं होतं, पण मामांनी आदल्या संध्याकाळीच पाला आणायला सांगून ठेवला होता. मामीनं कपाळाला हात लावला. मग मामांना तुळशीपुढे उभं करून तिनं कबूल करवून घेतलं, की उद्या हाडं मांडायची नाहीत, मणका हा शब्द काढायचा नाही, चार माणसांसारखं जेवायचं आणि चार माणसांबरोबर उठायचं. "पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की मामांनी निमूट मान हलवली.

आणि मामांनी शब्द पाळला, हे मी स्वतः पाहिलं. यजमान म्हणून त्यांचं पान शिरस्तेदारांच्या शेजारी. मामा काटे काढत आणि डोळे मिटून ढिगात टाकत. एखाद्या गवयाला बेसूर गायला लावावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. दारामागे मामी श्वास रोखून उभी. ठकूनं भात वाढला, कुठं सांडला नाही. शिरस्तेदार खूश दिसत होते आणि मला माझ्या बढतीची स्वप्नं पडायला लागली होती. एवढ्यात शिरस्तेदारांनी गळ्याला हात लावला.

काटा अडकला होता. त्यांचे डोळे मोठे झाले, कपाळावर घाम आला. त्यांचे धाकटे बंधू शेजारीच बसले होते. त्यांनी पाठीत दणके घातले. मामीनं आतून केळं पाठवलं, कोणी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला. काही उपयोग होईना. "आहे," शिरस्तेदार घोगऱ्या आवाजात म्हणत होते. "अजून आहे." त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

तेव्हा मामांनी हात पुढे केला आणि शिरस्तेदारांचं पान आपल्याकडे ओढलं. दुसऱ्याच्या उष्ट्या पानात हात घालायचा, तोही होणाऱ्या व्याह्याच्या, ही गोष्ट आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. धाकटे बंधू "अहो, अहो" करत राहिले. दारामागे भांडं पडल्याचा आवाज आला. मामांचं लक्षच नव्हतं. शिरस्तेदारांनी बाजूला काढलेले काटे ते भराभर लावत होते. "कण्याच्या प्राण्याचं सगळं जोडीनं असतं," ते शांतपणे, वर्गात बोलावं तसं बोलत होते. "डावीकडं एक, तर उजवीकडं एक. तुमच्या गळ्यात काटा असेल तर त्याचा जोडीदार इथं एकटा पडला पाहिजे. बघा. हा याचा. हा याचा. हे दोन बारीक, हे भाऊ." पंगत माना लांब करून बघत होती. शेवटची जोडी लागली. मामांनी पान शिरस्तेदारांसमोर सरकवलं. "एकही कमी नाही. काटा ओरखडा काढून बाहेर आला, आणि तो तुमच्या पानात आहे. गळ्यात आहे ते नुसतं दुखणं. घोटभर ताक घ्या."

शिरस्तेदारांनी त्या मांडलेल्या तुकडीकडे बराच वेळ पाहिलं. मग घोट घेतला. मग दुसरा. मग त्यांनी खांदे खाली सोडले.

हात धुवून विडे झाले. मामी आत डोळ्यांना पदर लावून बसली होती. हेही स्थळ गेलं म्हणून मी मनात राजीनामा लिहायला घेतला होता. तोच शिरस्तेदारांनी विचारलं, "मास्तर, माणसालाही हे असंच जोडीनं असतं का हो?"

"वाका," मामा म्हणाले. "दाखवतो."

ज्यांच्यापुढे सगळी कचेरी वाकायची ते शिरस्तेदार आमच्या ओसरीवर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि मामा मानेपासून मोजत खाली आले. उठताना शिरस्तेदार म्हणाले, "मुलगी पसंत आहे. एकच अट. तुमच्याकडे मासळी असली की माझं पान तुमच्या शेजारी."

ती अट दोघांनी जन्मभर पाळली. शिरस्तेदार ठाण्याहून मुद्दाम येत आणि दोघे व्याही शेजारी बसत. मामा आधी व्याह्यांचे काटे जोडीनं लावून देत, मग स्वतःचे. म्हणजे पंगतीला पूर्वी जेवढं ताटकळावं लागे त्याच्या दुप्पट. कचेरीत एक मिनिटाचा उशीर खपवून न घेणारा तो माणूस इथं सुकलेले हात मांडीवर ठेवून निवांत बसलेला असे. ठकू ठाण्याला सुखात नांदली. मामी "उचला ती हाडं" म्हणत राहिली, पण त्यातला राग गेला होता.

मामा गेले ते तापाचं निमित्त होऊन, फार खितपत न पडता. घर एकदम मोकळं वाटायला लागलं. दिवसवार झाल्यावर घरात पुन्हा मासळी शिजवून दुखवटा काढायची आमच्याकडे रीत. मामीनं पाला करायला सांगितला. विधवेच्या रीतीनं तिला आता तो खाता येणार नव्हता, पण मीठमसाला तिनंच लावला आणि तळायलाही तीच बसली. शिरस्तेदार आले होते. नोकरीतून मोकळे झालेले, थकलेले. शेजारचा पाट रिकामा होता. ठकूनं वाढताना शेपटीकडची तुकडी हातात घेतली, जरा घुटमळली आणि सासऱ्यांच्या पानात वाढली.

आमची जेवणं झाली. शिरस्तेदारांचं चाललंच होतं. ते एकेक काटा सोडवून पानाच्या कडेला लावत होते. मणके मधे, काटे बाजूला. चष्मा सारखा घसरत होता.

"ठके," दारामागून मामीचा आवाज आला. व्याह्यांशी ती कधी थेट बोलत नसे. "तुझ्या सासऱ्यांना सांग, शेवटून दुसरा मणका उलटा लागलाय. त्याचं टोक शेपटीकडं हवं."

शिरस्तेदारांनी मणका उचलला, फिरवला आणि पुन्हा ठेवला. तो बरोबर बसला. त्यांनी दाराच्या दिशेनं मान लववली आणि पुढचा काटा हातात घेतला. आमचे हात केव्हाच वाळले होते, पण कोणी उठलं नाही.